चाळिशी-पन्नाशीत पुन्हा मोटारसायकल घेताय? आधी लायसन्सची तारीख बघा, मग गाडीची उंची

पोरगा पुण्याला कामाला लागला, पोरीचं लग्न झालं, घराचा स्लॅब पडला. मग एक जुनी इच्छा डोकं वर काढते. कॉलेजात असताना आरएक्स 100 किंवा यझदी चालवली होती, थोरल्या भावाची राजदूत होती. नंतर संसारात ती विकली आणि घरात स्प्लेंडर आली. ती दूध घालायला, बाजाराला आणि शेताकडं जाण्यापुरती. आता वाटतं, एक मोठी गाडी घ्यावी. घरातल्यांना मागं बसवून शिखर शिंगणापूर, पंढरपूर, कोल्हापूर, जमलंच तर कुंभार्ली घाट उतरून कोकणात जाऊन यावं.

माण, खटाव, फलटण, पाटण, कुठल्याही तालुक्याच्या गावात बघा, या वयाचा एक तरी माणूस शोरूमच्या चकरा मारताना दिसेल. इच्छा चांगलीच आहे. पण वीस वर्षांत गाड्या बदलल्या, रस्ते बदलले, कायदा बदलला आणि आपलं शरीरही बदललं. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली आणि त्यात सुमारे 44 टक्के दुचाकीवरची होती. म्हणून गाडी घेण्याआधी काय तपासायचं, कुठली गाडी कुणाला जमते आणि पहिले दोन-तीन महिने कसे काढायचे, हे नीट समजून घेऊ.

लायसन्स जिवंत आहे का?

बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. 2019 च्या दुरुस्तीआधी काढलेलं खासगी वाहनाचं लायसन्स 20 वर्षं किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत चालायचं. म्हणजे 2003 साली वयाच्या बाविसाव्या वर्षी काढलेलं लायसन्स 2023 लाच संपलं. पाकिटात कार्ड आहे म्हणून आपण निवांत असतो, पण त्यावरची तारीख कुणी बघत नाही.

आताचा नियम असा आहे. तिशीच्या आत लायसन्स काढलं तर ते चाळिशीपर्यंत चालतं. 30 ते 50 वयात काढलं किंवा नूतनीकरण केलं तर 10 वर्षं. 50 ते 55 मध्ये केलं तर वयाच्या साठीपर्यंत. 55 नंतर दर वेळी 5 वर्षं.

मुदत संपायच्या आधी एक वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मुदत संपून एक वर्षापेक्षा जास्त काळ झाला असेल, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. वय 40 च्या पुढं असेल तर डॉक्टरचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 1-ए लागतो. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर मोबाईलवरूनही भरता येतो. पुढचं काम आपापल्या आरटीओत. सातारा म्हणजे एमएच-11, कराड म्हणजे एमएच-50.

आणखी एक गोष्ट बघा. काहींनी फक्त चारचाकीचं लायसन्स काढलेलं असतं आणि गावात दुचाकी तशीच चालवतात. कार्डावर गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग लिहिलेला आहे का, ते तपासा. वर्ग नसेल किंवा मुदत संपली असेल तर दंडापेक्षा मोठं संकट विम्याचं आहे. अपघात झाला तर वैध लायसन्स नाही या कारणावरून कंपनी पैसे द्यायला आढेवेढे घेते आणि समोरच्याची भरपाई आपल्या सातबाऱ्यावर येऊ शकते.

शरीराचा हिशेब

विशीत गाडी घसरली तर कपडे झटकून आपण उठायचो. पन्नाशीत तीच घसरण खुबा किंवा मनगट मोडू शकते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण तयारी वेगळी लागते.

डोळे: चाळिशीनंतर जवळचं दिसायला त्रास होतो हे सगळ्यांना माहीत आहे. रात्री समोरच्या गाडीच्या लाइटनं डोळे दिपले की परत नीट दिसायला तरुणपणापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मात्र लक्षात येत नाही. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर दिव्याभोवती वलय दिसतं. गाडी घेण्याआधी डोळे तपासून घ्या. चष्मा लावून हेल्मेट घालता येतं का, तेही बघा.

शुगर: बऱ्याच दिवसांची शुगर असेल तर तळपायाची जाणीव कमी होते. मागचा ब्रेक आणि गिअर पायानंच चालतात. पाय पेडलवर आहे की नाही हे न बघता कळत नसेल, तर आधी डॉक्टरला विचारा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी लांब जाऊ नका. वाटेत शुगर उतरली तर घाम येतो, हात थरथरतात, डोक्याला भान राहत नाही. खिशात साखरेच्या गोळ्या किंवा गूळ ठेवा.

गोळ्या: सर्दी-खोकल्याच्या आणि खाजेच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. बीपीची नवी गोळी सुरू झाली असेल तर पहिले काही दिवस चक्कर येऊ शकते. असल्या दिवशी गाडी काढू नये.

कंबर आणि गुडघे: शोरूममध्ये पाच मिनिटं बसून काही कळत नाही. ओळखीच्याची तशी गाडी मिळाली तर सलग एक तास चालवून बघा. कंबर कुठं धरते, ते तेव्हा समजेल.

वेगाचं गणित सोपं आहे

समोर अचानक म्हैस आली, तर डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. थकवा असेल तर जास्त. त्या एका सेकंदात गाडी 40 च्या वेगाला 11 मीटर जाते, 60 ला जवळजवळ 17 मीटर आणि 80 ला 22 मीटर.

त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी अंतर लागतं. कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर आणि नीट लावलेला ब्रेक धरला, तरी एकूण अंतर 40 ला साधारण 21 मीटर, 60 ला 40 मीटर आणि 80 ला 63 मीटर भरतं. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर तिप्पट होतं. मागं माणूस आणि सामान असेल, रस्ता ओला असेल, तर याहून वाढतं.

केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे मोटारसायकलला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कमाल 80 आणि इतर रस्त्यांवर 60 ची मर्यादा आहे. स्थानिक मर्यादा याहून कमी असू शकते. गाडी निवडताना हा आकडा डोक्यात ठेवा. 80 च्या वर जायचंच नसेल, तर 40 हॉर्सपॉवरची गाडी घेऊन करायचं काय, हा साधा प्रश्न स्वतःला विचारा.

नव्या गाडीत काय बदललं?

जुन्या सवयी हातापायात मुरलेल्या असतात, म्हणून हा भाग महत्त्वाचा.

गिअर: जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. आता सगळ्याच गाड्यांना गिअर डावीकडं आणि ब्रेक उजवीकडं. स्प्लेंडरसारख्या 100 सीसीच्या बऱ्याच गाड्यांत सगळे गिअर एकाच दिशेला पडतात. मोठ्या गाडीत पहिला खाली आणि बाकीचे वर. स्प्लेंडरच्या सवयीनं कुणी 60 च्या वेगात वरचा गिअर टाकायचा म्हणून पाय खाली दाबला, तर खालचा गिअर पडतो आणि मागचं चाक झटका खातं. ही सवय मोडायला आठवडाभर तरी जातो. तोवर हायवेवर जाऊ नका.

पुढचा ब्रेक: पूर्वी ड्रम ब्रेक होते आणि "पुढचा ब्रेक दाबला की पडशील" असं घरात शिकवलं जायचं. खरं तर ब्रेक लावल्यावर गाडीचं वजन पुढं येतं, म्हणून गाडी थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो. डिस्क ब्रेक एकदम दाबायचा नसतो. हलक्या हातानं सुरू करून दाब वाढवत न्यायचा, सोबत मागचाही लावायचा. वळणात, मुरमावर आणि चिखलात मात्र पुढचा ब्रेक जपून.

एबीएस: एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. जोरात ब्रेक दाबला तरी ते चाक जॅम होऊ देत नाही, त्यामुळं गाडी घसरायची शक्यता कमी होते. ते काम करत असताना ब्रेकला थरथर जाणवते. घाबरून ब्रेक सोडू नका, दाबून धरा. सिंगल चॅनेल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला, ड्युअल चॅनेल म्हणजे दोन्ही चाकांना. लांब फिरायचं असेल तर ड्युअल चॅनेल बघावं. आणि एबीएस म्हणजे जादू नव्हे. खडी-मुरमावर गाडी थांबायला त्यानंही अंतर कमी होत नाही.

गाडी निवडताना: आधी वजन आणि उंची

शोरूममध्ये सीसी आणि पॉवर सांगतात. या वयात पहिले दोन आकडे वेगळे विचारायचे: गाडीचं वजन किती आणि सीट जमिनीपासून किती उंच.

स्प्लेंडरचं वजन सुमारे 112 किलो आणि सीट 785 मिलीमीटरवर. क्लासिक 350 चं वजन सुमारे 195 किलो. म्हणजे क्विंटलभर जवारीचं पोतं जवळपास जास्तीचं. गाडी पळताना हे वजन कळत नाही. कळतं ते अंगणात वळवताना, उतारावर मागं ढकलताना, चिखलात पाय टेकवताना. बऱ्याच जणांची मोठी गाडी पडते ती 80 च्या वेगात नाही, तर घराच्या दारात, उभ्या-उभ्या.

ढोबळ मानानं चार गट धरा.

पहिला गट, 125 ते 160 सीसी: वजन 110 ते 150 किलोच्या आसपास. दिवसाला 150-200 किलोमीटर, एकटं किंवा अधूनमधून जोडीनं जायचं असेल तर एवढी गाडी पुरते. मेकॅनिक प्रत्येक गावात आहे, पार्ट तालुक्याला मिळतात. शेताच्या कामालाही चालते. एकच गाडी ठेवायची असेल त्यांनी आधी हाच गट बघावा.

दुसरा गट, 200 ते 225 सीसी: यात तीन वेगळ्या घडणी आहेत. बजाज अव्हेंजर 220 ची सीट 737 मिलीमीटर, म्हणजे फारच खाली आणि वजन 163 किलो. उंची कमी असलेल्याला दोन्ही पाय पूर्ण टेकतात. मात्र पाय पुढं ताणून बसावं लागत असल्यानं खड्ड्यातला दणका सरळ कमरेत जातो. टीव्हीएस रोनिनची सीट 795 वर, वजन 160 च्या आसपास. हिरो एक्सपल्स 200 ला खराब रस्ता चांगला जमतो, पण 4व्ही मॉडेलची सीट 825 वर आहे. साडेपाच फुटाच्या आतल्या माणसाला त्यावर पाय टेकवायला कसरत होते.

तिसरा गट, 350 सीसी: आपल्याकडं "बुलेट घेतली" म्हणतात तो हा गट. क्लासिक 350, मिटिऑर 350, होंडाची हायनेस सीबी 350. यांची ताकद सुमारे 20 हॉर्सपॉवर, पण इंजिन खालच्या वेगातच जोर लावतं. त्यामुळं घाटात मागं माणूस असतानाही सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. क्लासिकची सीट 805, सीबी 350 ची 800 आणि मिटिऑरची 765 मिलीमीटर. सीबी 350 चं वजन 181 किलो, मिटिऑरचं 191. जोडीनं 70-80 च्या वेगात निवांत जायचं असेल तर हा गट बरोबर बसतो.

चौथा गट, 400 सीसी आणि वर: हिमालयन 450, डॉमिनार 400 वगैरे. ताकद 40 हॉर्सपॉवरच्या घरात. लडाख किंवा राजस्थानपर्यंत खरंच जायचं असेल आणि हात बसलेला असेल, तर विचार करा. वीस वर्षांनी पुन्हा सुरुवात करताना पहिलीच गाडी ही नको. उजव्या मनगटाच्या जराशा चुकीला ही गाडी माफ करत नाही.

शोरूममध्ये चार गोष्टी करून बघा. गाडीवर बसून दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतात का? इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावलं मागं-पुढं ढकलता येते का? मेन स्टँड असेल तर एकट्यानं लावता येतो का? आणि घरातलं माणूस मागं बसवून चक्कर मारली तर दोघांनाही ठीक वाटतं का? यातल्या एकालाही उत्तर "नाही" आलं, तर गाडी कितीही आवडली तरी एक पायरी खाली उतरा.

मागं बसणाऱ्या बाईमाणसाला विचारलं का?

टूरसाठी गाडी घेताना निम्मी सीट तिची असते, पण शोरूमला ती क्वचितच असते. काही गाड्यांची मागची सीट अरुंद आणि उतरती असते. अर्ध्या तासात ती पुढं सरकते आणि चालवणाऱ्याच्या पाठीवर भार येतो. मागं धरायला कडी आणि नीट फूटरेस्ट आहे का बघा. साडीगार्ड काढून टाकू नका. पदर किंवा ओढणी चेनमध्ये, चाकात अडकून झालेले अपघात आपल्याकडं नवे नाहीत.

एका बाजूला पाय सोडून बसल्यावर वजन एकीकडं झुकतं. जड गाडीवर आणि घाटात ते जास्त जाणवतं. लांबच्या प्रवासाला पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडं पाय टाकून बसणं सुरक्षित. हेल्मेट मागं बसणाऱ्यालाही कायद्यानं बंधनकारक आहे.

पैशाचा हिशेब

22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. 350 सीसीच्या वरच्या गाड्यांवर 40 टक्के लागला. त्यामुळं 350 च्या अलीकडची आणि पलीकडची गाडी यांत किंमतीचा फरक आणखी वाढला.

थर्ड पार्टी विम्यातही हीच रेषा आहे. जून 2022 पासूनच्या दरांप्रमाणे वर्षाचा हप्ता 75 ते 150 सीसीला 714 रुपये, 150 ते 350 सीसीला 1,366 रुपये आणि 350 च्या वर 2,804 रुपये. नवीन गाडीला थर्ड पार्टी विमा 5 वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळं "पाच वर्षं विम्याची काळजी नाही" असं बऱ्याच जणांना वाटतं. पण तो विमा समोरच्याच्या नुकसानीचा असतो. आपली गाडी चोरीला गेली किंवा मोडली तर त्याचा विमा वेगळा आणि तो बहुधा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर दोन्ही तारखा वाचा. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा आहे का, तेही बघा.

हप्त्याचं उदाहरण घेऊ. दीड लाखाचं कर्ज, 11 टक्के व्याज, 3 वर्षं. महिन्याला सुमारे 4,910 रुपये हप्ता बसतो आणि शेवटी 26-27 हजार व्याज जातं. पेट्रोल 105 रुपये लिटर धरलं आणि गाडीनं 35 चं मायलेज दिलं, तर किलोमीटरला 3 रुपये. 60 मायलेजच्या गाडीला पावणेदोन रुपये. महिन्याला 500 किलोमीटर फिरलं तर फरक सव्वासहाशेचा. दूध किंवा उसाच्या बिलातून हप्ता भरायचा असेल तर बिल उशिरा येण्याचे महिनेही हिशेबात धरा. आणि हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, बूट यांचे पैसे गाडीच्या पैशातूनच वेगळे काढून ठेवा, नाहीतर ते राहून जातात.

जुनी गाडी घेत असाल तर

पहिल्यांदा हात बसवायला जुनी गाडी हा शहाणपणाचा मार्ग आहे. पडली, घासली तरी जीव हळहळत नाही. पण कागद पक्के हवेत.

1. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव, विमा, पीयूसी आणि रजिस्ट्रेशनची मुदत बघा. दुचाकीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं असतं, पुढं ते नूतनीकरण करावं लागतं.
2. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म 35 मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.
3. ऑनलाइन चलन थकलंय का तपासा. थकबाकी आधीच्या मालकाकडून भरून घ्या.
4. चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः डोळ्यांनी आरसीशी जुळवा.
5. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन गाडी लगेच नावावर करा. विमाही 14 दिवसांच्या आत नावावर करायला द्या.
6. एप्रिल 2019 आधीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबर प्लेट बसलीय का बघा.
7. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांचा टायर कडक होतो आणि पावसात घसरतो.

पहिले तीन महिने

गाडी आल्याच्या दुसऱ्या दिवशी ज्योतिबाला निघायचा मोह होतो. तो आवरा.

पहिला आठवडा: गावातलं मोकळं मैदान किंवा सुट्टीच्या दिवशी बाजार समितीचं आवार, परवानगी घेऊन. हाफ क्लचवर अगदी हळू सरळ जाणं, इंग्रजी आठसारखं वळणं, यू-टर्न. वळताना नजर चाकापुढं नको, जिकडं जायचंय तिकडं हवी. मग 30 च्या वेगात जोरात ब्रेक लावून थांबणं, नंतर 40 ला. दहा-वीस वेळा करा. खरी वेळ येईल तेव्हा डोकं चालत नाही, हातच चालतो.

दुसरा-तिसरा आठवडा: दिवसा, एकटं, तालुक्याला जाऊन येणं. मग एका दिवसात 100 किलोमीटर.

दुसरा महिना: घरातलं माणूस मागं घेऊन जवळपास. मागं बसणारं माणूस असेल तर टायरची हवा गाडीच्या पुस्तकात दिलीय तेवढी वाढवा.

तिसरा महिना: घाट. पसरणी, खंबाटकी, मग कुंभार्ली किंवा आंबेनळी. घाट चढताना जो गिअर लागला, साधारण तोच उतरताना ठेवा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय गावाकडं अजून आहे. त्यानं इंजिनाचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर लागत नाहीत.

आपल्या रस्त्यांवरचे खास धोके

टूरिंगचे व्हिडिओ बघून या गोष्टी कळत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर असतात. कितीतरींना मागं लाइट किंवा रिफ्लेक्टर नसतो, काही बंद पडून तशाच उभ्या असतात. अंधारात त्या दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून गाळप हंगामात संध्याकाळी सातनंतर लांबचा प्रवास टाळा.

शेतातून वर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल, वळणावर सांडलेला मुरूम, रस्त्यावर मळणीला पसरलेलं धान्य, पट्टे पुसलेले गतिरोधक, वस्तीजवळची कुत्री आणि सकाळ-संध्याकाळची जनावरं. वस्ती दिसली की वेग 40 च्या खाली, एवढा एक नियम पाळला तरी खूप झालं. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा रस्ता जास्त निसरडा असतो.

समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. मॅप दाखवतो म्हणून त्यावर चढू नका. मॅपमध्ये दुचाकीचं चिन्ह निवडा. राष्ट्रीय महामार्गावर मोटारसायकलला टोल नाही.

निघण्याआधी मोबाईलमध्ये ठेवायची यादी

• हेल्मेट आयएसआय चिन्हाचं, कानावरून पूर्ण येणारं. पट्टा लावून डोकं हलवल्यावर ते वेगळं हलता कामा नये. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका.
• पायात घोटा झाकणारे बूट, चप्पल नको. हातमोजे आणि जाड जॅकेट.
• टायरची हवा, चेनला तेल (साधारण दर 500 किलोमीटरला), इंजिन ऑइल, ब्रेक, लाइट, हॉर्न.
• ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चर किट आणि छोटा पंप. तारांच्या चाकांत बहुधा ट्यूब असते, म्हणून ट्यूब सोबत ठेवा.
• सामान खाली आणि जवळ बांधा. मागच्या कॅरिअरवर उंच बोजा नको.
• दर तासाला थांबा, पाणी प्या, पाय मोकळे करा. सुरुवातीला दिवसाला 200-250 किलोमीटर पुष्कळ.
• गोळ्या, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर कागदावर लिहून खिशात.
• रुग्णवाहिका 108, पोलिस 112, राष्ट्रीय महामार्गावर 1033.

अपघात झालाच तर एक माहिती असू द्या. मे 2025 पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात 7 दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचे उपचार कॅशलेस मिळू शकतात. आणि जखमीला मदत करणाऱ्याला पोलिस किंवा दवाखाना अडवून ठेवू शकत नाही, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. वाटेत दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला तर हे आठवा आणि थांबा.

शेवटी निर्णय कसा घ्यायचा? लायसन्स चालू, डोळे तपासलेले, हप्ता पेलणारा, दोन्ही पाय टेकतात आणि मागं बसणारं माणूस राजी. ही पाचही उत्तरं "हो" असतील तर खुशाल गाडी बुक करा. एखादं "नाही" असेल तर सध्या घरातल्या गाडीवरच तीन महिने फिरा. स्प्लेंडरवरूनही पंढरपूर येतं आणि हातही बसतो. मोठी गाडी पुढच्या दिवाळीलाही मिळेल.